थोडेसे उठले होते, साहेब

निवृत्त झाल्यापासून लोक मला हमखास एक प्रश्न विचारतात. साहेब, तुमच्या नोकरीतली सगळ्यात अवघड केस कोणती? विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावरूनच कळतं की त्याला खून हवा आहे, निदान दरोडा तरी. मी सांगतो, एका मास्तरांनी एका मुलाच्या कानाखाली मारली होती, ती. विचारणारा हिरमुसतो. पण खरं तेच आहे. खुनांचे तपशील आता मला कागद बघितल्याशिवाय सांगता येणार नाहीत, आणि ही घटना मात्र काल घडल्यासारखी आठवते.

तेव्हा मी शहराच्या पश्चिम भागातल्या एका पोलीस ठाण्यात गुन्हे विभागाचा निरीक्षक होतो. कोथरूड, कर्वेनगर हा सगळा पट्टा म्हणजे सोसायट्या, शाळा आणि क्लास. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारीही त्याच वळणाच्या. पार्किंग, वरच्या मजल्यावरून गळणारं पाणी, हिसकावलेलं मंगळसूत्र, आणि अपघात करून आलेल्या मुलाचे वडील, जे आधी सांगणार की त्याची पुढच्या आठवड्यात परीक्षा आहे.

या भागात गणिताचे एक सर होते. त्यांना नावाने कुणी ओळखत नसे. नुसतं 'सर' म्हटलं की पुरे. आधी शाळेत शिकवायचे, मग स्वतःचा क्लास काढला. शहरातले निम्मे डॉक्टर, वकील आणि इंजिनिअर त्यांच्या हाताखालून गेलेले. हाताखालून हा शब्द मी जपून वापरतो, कारण सरांचा हात प्रसिद्ध होता. मार खाल्लेले लोक पुढे मोठे झाले की तो मार कौतुकाने सांगायचे. आमच्या ठाण्यातल्या कितीतरी जणांची मुलं त्यांच्याच क्लासला जात होती.

एके सकाळी एक बाई दहावीतल्या मुलाला घेऊन ठाण्यात आल्या. सरकारी रुग्णालयात परिचारिका. मूळच्या नागपूरकडच्या, नवऱ्याच्या नोकरीमुळे पुण्यात आल्या, नवरा वारला आणि त्या इथेच राहिल्या. पुढे त्यांना आम्ही सगळे सिस्टरच म्हणू लागलो. त्यांनी सांगितलं, क्लासमध्ये मुलाला एक गणित समजलं नव्हतं. त्याने पुन्हा विचारलं. समजावूनही समजलं नाही, तेव्हा पुन्हा विचारलं. सर म्हणाले, "डोक्यात जात नाही ते कानातून घालावं लागतं," आणि डाव्या कानावर सणसणीत ठेवून दिली. वर्ग हसला. मुलाच्या कानातून रक्त आलं, पडदा फाटला आणि त्या कानाने ऐकू येणं बंद झालं. डॉक्टरांनी लिहून दिलं होतं की आता ते परत येण्याची शक्यता नाही.

ठाणे अंमलदाराने सगळं ऐकून घेतलं आणि त्याच्या तोंडातून निघून गेलं, "सरांनी? मुलाला नीट विचारलंत ना?"

सिस्टर म्हणाल्या, "विचारलं. त्याले उजव्या बाजूनं विचारा लागते आता."

मी माझ्या खोलीतून ते ऐकलं आणि बाहेर आलो. गुन्हा दाखल करून घेतला आणि तपास स्वतःकडे ठेवला. त्या दिवशी मला त्या अंमलदाराचा राग आला होता. पण पुढच्या काही दिवसांत लक्षात आलं की तो एकटा नव्हता. वर्गातल्या मुलांच्या घरी जबाब घ्यायला गेलो, तर पालक दारातच म्हणायचे, अहो, सर तसे नाहीत. कानाच्या डॉक्टरांनी प्रमाणपत्र देताना दोनदा विचारलं, नक्की सरांचंच नाव आहे का? शेवटी एकाच मुलीने, तिच्या वडिलांनी धीर दिला म्हणून, डोळ्यांनी पाहिलेलं सांगितलं.

सरांना ठाण्यात बोलावलं तेव्हा ते इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात आले. गुन्हा जामीनपात्र होता, त्यामुळे अटक दाखवून जागेवरच जामीन दिला. मी विचारलं, हात उचललात का? तर म्हणाले, "मी हात उचलला. कान त्याने पुढे केला. हे तुमच्या कागदात कसं बसवता ते बघा." जबाब लिहून घेणारा माझा रायटर खाली मान घालून हसला. मी हसलो नाही. दोषारोपपत्र वेळेत न्यायालयात पाठवलं आणि दुसऱ्या कामांना लागलो.

आपल्याकडे खटला उभा राहायला वर्षं लागतात. मुलगा दहावी झाला, बारावी झाला. मी मधे दुसऱ्या ठाण्यात जाऊन पुन्हा त्याच ठाण्यात वरिष्ठ निरीक्षक म्हणून आलो. तोवर ही केस एकदाची साक्षीपुराव्याला लागली. न्यायाधीश नवीन बदलून आले होते. पहिल्या तारखेला सरांच्या वकिलांनी मुदत मागितली आणि साक्ष न होताच पुढची तारीख पडली. सिस्टर, त्यांचा मुलगा आणि आमचा कोर्टाचं काम बघणारा हवालदार असे तिघं रिकाम्या हाताने परतले. यात विशेष काही नव्हतं. मुदत मागणं आणि मिळणं हे कोर्टात रोजचंच.

विशेष त्यानंतर घडलं. पुढच्या तारखेचं समन्स घेऊन हवालदार गेला, तर सिस्टरने सही केली आणि सांगितलं, "आम्ही येऊ, पण पोरगं सांगन की त्याले काही आठवत नाही." हवालदार तसाच माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"साहेब, फिर्यादी फितूर होणार."

फितूर हा आमच्या खात्यातला फार वाईट शब्द. वर्षानुवर्षं जपलेली केस साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून एका वाक्यात बुडवतो. आणि इथे तर जखमी मुलगाच बोलणार नव्हता. तो बोलला नसता आणि सर सुटले असते, तर त्या मुलाच्या बहिऱ्या कानाला जगाच्या लेखी कारणच उरलं नसतं. मला संताप आला. कुणीतरी या बाईला दम दिला आहे, अशी माझी खात्री पटली.

त्याला दुजोराही लगेच मिळाला. सिस्टरच्या इमारतीसमोर एक इस्त्रीवाला होता. तो अधूनमधून आमच्या माणसांना काहीबाही सांगायचा. त्याने सांगितलं की क्लासचा कारभार बघणारा सरांचा पुतण्या मोटारसायकलवरून त्या इमारतीत दोनदा येऊन गेला. वर गेला, लगेच खाली आला, आणि खाली आल्यावर बराच वेळ फोनवर बोलत होता. मला एवढं पुरेसं होतं. साक्षीदारावर दबाव हा वेगळा गुन्हा होतो, आणि तो मला आयता हातात येत होता.

आधी मी सिस्टरच्या घरी गेलो. साध्या कपड्यात, सोबत महिला शिपाई घेऊन. इतक्या वर्षांत एक गोष्ट मी शिकलो होतो. धमकी मिळालेला माणूस दार पूर्ण उघडत नाही. आणि ज्याला काही देऊन गप्प केलेलं असतं तो आपली फार सरबराई करतो, सारखा 'अजून घ्या ना' म्हणतो. सिस्टरने दार सताड उघडलं, साधा चहा केला, माझ्या डोळ्याला डोळा भिडवला आणि म्हणाल्या, "साहेब, मले कोणी काही नाही म्हटलं. पण आता मले नाही लढाची केस." मुलगा उजवा कान आमच्याकडे करून शेजारी बसला होता.  मी हरप्रकारे विचारलं. त्या एवढंच म्हणत राहिल्या की तुम्ही चांगले आहात, पण राहू द्या. मी हात हलवत परत आलो.

मग पुतण्याला चौकशीसाठी बोलावलं. तिशीचा, हातात महागडा फोन, चटपटीत बोलणारा. अशा माणसाला मी आधी थोडा वेळ बाकावर बसवून ठेवत असे. ठाण्याच्या बाकावर बसलं की माणसाची इंग्रजी कमी होते. आत बोलावलं आणि सरळ विचारलं, "सिस्टरच्या घरी कशाला गेला होतात?"

वाटलं होतं नाही म्हणेल. तो म्हणाला, "अहो साहेब, गेलो होतो. नाही कशाला म्हणू? पण त्यांनी दारच उघडलं नाही. दोन्ही वेळा."

"कशासाठी गेला होतात?"

"विचारायला. त्यांना कोर्ट बदलून चाललं असतं का, एवढंच."

मला वाटलं हा मला बनवतोय. "कोर्ट बदलून? ते कशाला?"

"ऑनेस्टली सांगू का साहेब? काका घाबरलेत. त्या दिवशी कोर्टातून घरी आले आणि जेवले नाहीत. मला म्हणाले, हे न्यायाधीश माझे विद्यार्थी आहेत. शाळेत असताना नववीत त्याला मी सगळ्या वर्गासमोर मारला होता आणि वर्गाबाहेर काढला होता. वर्षभर पुन्हा घेतला नाही. त्याने मला ओळखलं. आता तो मला सोडायचा नाही."

"ओळखलं हे कशावरून?"

पुतण्या माझ्याकडे असं बघायला लागला, जणू मला एवढं कसं कळत नाही. "अहो, काका पिंजऱ्याकडे गेले तेव्हा न्यायाधीश साहेब खुर्चीतून उठले ना! म्हणजे पूर्ण नाही, अर्धे. मग बसले. आणि म्हणाले, सर, तुम्ही बसून घ्या. काकांना खुर्ची दिली."

पुतण्याला बाहेर बसवलं आणि कोर्टाच्या हवालदाराला आत घेतलं. त्याला विचारलं, त्या तारखेला न्यायाधीश आरोपीला बघून उठले होते का?

"हो साहेब," तो म्हणाला. "थोडे उठले."

"मग मला सांगितलं का नाही?"

तो गोंधळला. त्याला खरोखरच कळेना की यात सांगण्यासारखं काय आहे. "साहेब, सर आत आले ना. मी बसलो असतो तर मीपण उठलो असतो. माझी मुलगी आहे त्यांच्याकडे."

इथे मला सगळं दिसलं. कोर्टात त्या दिवशी पुष्कळ माणसं होती. वकील होते, कारकून होते, आमचा हवालदार होता. सगळ्यांनी ते पाहिलं आणि कुणालाच खटकलं नाही, कारण या शहरात सर आत आले की माणूस उठतो. ज्यांना खटकलं ते दोघंच. एक स्वतः सर, आणि दुसरी ती बाई, जिचं या शहरात कुणी सर नव्हतं.

मी पुन्हा सिस्टरच्या घरी गेलो. या वेळी आडून विचारलं नाही. म्हणालो, "सिस्टर, न्यायाधीश साहेब उठले, म्हणून ना?"

 इतके दिवस धरलेला संकोच बाजूला पडला आणि त्या आपल्या बोलीत सुटल्या. "साहेब, कोर्टात जज आले की आम्ही उठतो. जज आरोपीसाठी उठते हे मी पहिल्यांदा पाह्यलं. ठाण्यात गेली तर म्हणे सर तसे नाहीत. डॉक्टरकडे गेली तर म्हणे सर तसे नाहीत. शेजारचे म्हणे, तुमच्याच पोराचं काहीतरी असन. म्हटलं जाऊ द्या, कोर्ट आहे नं. तर कोर्टच उठून उभं राह्यलं. तुमचं हे पुणं म्हणजे कोणाचा तरी सर नाहीतर कोणाचा तरी विद्यार्थी. आमचं कोण आहे इथं?"

मी त्यांची समजूत घालायचा प्रयत्न केला. म्हणालो, "ते सवयीने उठले असतील. शिक्षक होते त्यांचे. पण निकाल ते कायद्यानेच देतील. मी चौकशी केली आहे, माणूस सरळ आहे."

"देतील बी," त्या म्हणाल्या. "पण मले कसं समजन? उद्या निकाल माझ्या विरुद्ध लागला, तर तो कायद्यानं लागला का त्या उठण्यानं लागला, मले कोण सांगन? मी जन्मभर हेच म्हणत बसन की ते उठले होते. त्यापेक्षा पोराले नाही उभं करत तिथं. एकदा त्याच्यावर सगळा वर्ग हसला, पुरे झालं."

 पोलिसाच्या धंद्यात मी शेकडो पंचनामे केले. जागेचा करता येतो, वस्तूचा करता येतो, मढ्याचा करता येतो. माणसाच्या मनाचा पंचनामा करता येत नाही. न्यायाधीशाच्या मनात काय आहे ते त्यालाच ठाऊक. समोर उभ्या असलेल्या माणसाकडे फक्त दिसतं तेवढंच असतं, आणि सिस्टरला जे दिसलं होतं ते खोटं नव्हतं.

सरकारी वकील एक मॅडम होत्या, शिस्तीच्या. त्यांना मी सगळं सांगितलं आणि सुचवलं की न्यायाधीश साहेबांना त्यांच्या दालनात भेटून कानावर घालावं, म्हणजे माणसाची अब्रू राहील. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी शाळेत काहीतरी चुकीचं उत्तर दिलंय.

"इन्स्पेक्टर साहेब, आपण दोघं बंद दाराआड जायचं आणि बाहेर बाकावर आरोपीने ते बघायचं? मग त्याला काय वाटेल? जे बोलायचं ते उघड कोर्टात, दोन्ही बाजू समोर असताना."

त्या बरोबर होत्या. मी सिस्टरला एवढंच पटवलं की साक्ष नंतरचं नंतर, आधी मनातली शंका तिथे उभ्या राहून सांगा. त्या तयार झाल्या, पण माझ्यावर उपकार केल्यासारख्या.

तारखेला शिवाजीनगरच्या कोर्टात नेहमीची गर्दी होती. पुकारा झाला. सर आले. या वेळी न्यायाधीश कागदांतच बघत होते. मॅडम उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की साक्ष सुरू होण्याआधी फिर्यादीच्या मनातली एक शंका न्यायालयापुढे ठेवायची आहे. आरोपीच्या वकिलांनी हरकत घेतली. न्यायाधीश म्हणाले, "शंका काय आहे ते तरी कळू द्या."

सिस्टर उभ्या राहिल्या. 

"साहेब, मागच्या तारखेले हे आत आले, तेव्हा तुम्ही उठले होते."

 मला मनातून भीती वाटत होती. बाईंवर अवमानाची कारवाई होते की काय, माझ्यामुळे ही बाई भलत्याच संकटात सापडते की काय. न्यायाधीशांचा चेहरा लाल झाला. पण तो रागाने नव्हे, हे मला पुढच्या वाक्याने कळलं.

"मी उठलो होतो?" त्यांनी विचारलं. तो प्रश्न खरा होता. त्यांना ते माहीतच नव्हतं. मग ते खाली बसलेल्या शिरस्तेदारांकडे वळले. "मी उठलो होतो का?"

शिरस्तेदारांची नोकरी अशा खुर्च्यांखाली गेलेली.  त्यांनी सरांकडे पाहिलं, सिस्टरकडे पाहिलं, आणि टेबलाकडे बघत म्हणाले, "थोडेसे उठले होते, साहेब."

तेवढ्यात सरांनी हात वर केला. वर्गात मुलं करतात तसा. त्यांच्या वकिलांनी बाही ओढली, पण ते थांबले नाहीत. "माझीही एक शंका आहे. त्या बाईंचीच, फक्त उलटी. या साहेबांना मी नववीत वर्गाबाहेर काढलं होतं. मला त्यांच्याकडून न्याय मिळेल असं मला वाटत नाही."

सिस्टरने झटकन मान वळवून सरांकडे पाहिलं. एकाच क्षणाला पाहून ती बाई समजत होती की आपण हरलो, आणि तो माणूस समजत होता की आपण संपलो. दोघांनीही रात्रीची झोप घालवली होती, आणि मधे बसलेल्या माणसाला आपण काही केलं आहे याचा पत्ताच नव्हता.

न्यायाधीशांनी समोरची फाईल बंद केली. मग लघुलेखकाला म्हणाले, "लिहा. हे प्रकरण दुसऱ्या न्यायालयाकडे वर्ग करण्यासाठी मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवावे."

लघुलेखकाने सवयीने विचारलं, "प्रशासकीय कारणास्तव?"

"नाही. कारण लिहा. आरोपी हे माझे शाळेतले शिक्षक आहेत. ही गोष्ट मी पहिल्याच तारखेला उभय पक्षांना सांगायला हवी होती. त्यांना पाहून मी आसनावरून उठलो. ते फिर्यादीने पाहिले आणि आरोपीनेही पाहिले. अशा स्थितीत माझा निकाल कोणत्याही बाजूने लागला, तरी तो त्यांपैकी एकाला न्याय वाटणार नाही."

हे सांगताना त्यांनी एकदाही आवाज खाली केला नाही. प्रशासकीय कारण लिहून ते सुटू शकत होते. मला त्या माणसाबद्दल त्या क्षणी जो आदर वाटला तो आजही आहे.

केस दुसऱ्या न्यायाधीशांकडे गेली. त्या मराठवाड्यातून नुकत्याच आलेल्या होत्या, पुण्यात त्यांचं कुणी नव्हतं. पहिल्याच दिवशी त्यांनी दोन्ही बाजूंना विचारलं की माझ्याबद्दल कुणाला काही हरकत आहे का. मग साक्षी झाल्या. मुलगा बोलला. त्याचा कुठला कान चांगला आहे हे विचारून त्यांनी वकिलांना त्या बाजूला उभं राहायला लावलं, आणि सरांना छातीत त्रास होता म्हणून त्यांनाही बसायला परवानगी दिली. वर्गातल्या त्या मुलीनेही जे पाहिलं ते सांगितलं. ठाण्यात पहिल्या दिवसापासून मी जे ऐकत होतो, की सर तसे नाहीत, ते तिथे कुणी ऐकून घेतलं नाही, आणि सर असेच आहेत, हेही नाही. त्या दिवशी काय घडलं एवढंच विचारलं गेलं.

निकाल सिस्टरच्या मनासारखा लागला नाही. मारल्याचं सिद्ध झालं. पण मुलाला लहानपणी कानाचा आजार होऊन गेला होता आणि उलटतपासात डॉक्टर ठामपणे सांगू शकले नाहीत की ऐकू येणं फक्त त्या फटक्यानेच गेलं. गंभीर दुखापत शाबित झाली नाही. साध्या दुखापतीबद्दल सरांना दंड झाला आणि न्यायालय उठेपर्यंतची कैद. म्हणजे त्या दिवसाचं कामकाज संपेपर्यंत कोर्टातच बसून राहायचं. शहराला गणित शिकवणारे ते सर मागच्या बाकावर दिवसभर बसले. दुसऱ्यांच्या चेकच्या आणि भांडणांच्या केसेस त्यांच्यासमोर चालल्या. संध्याकाळी न्यायाधीश बाई उठल्या, सगळे उठले, सरही उठले आणि घरी गेले.

मी सिस्टरला जिन्यात गाठलं. मलाच वाईट वाटत होतं. म्हणालो, अपिलासाठी प्रस्ताव पाठवू. त्या म्हणाल्या, "नाही पटला मले निकाल. डॉक्टरनं घोळ केला. पण साहेब, त्या बाईनं ऐकलं. दोघायचं बी ऐकलं." मग मुलाच्या उजव्या बाजूला जाऊन त्यांनी त्याला काहीतरी सांगितलं आणि दोघं रिक्षा बघायला गेले. हरलेला माणूस कोर्टातून कसा बाहेर पडतो हे मी आयुष्यभर पाहिलं होतं. शिव्या देत, रडत, नाहीतर बघून घेतो म्हणत. त्या दिवशी पहिल्यांदा मी कुणाला निकाल न पटूनही तो घरी घेऊन जाताना पाहिलं.

यावर मी निवृत्तीनंतर पुष्कळ विचार केला. जिंकणाऱ्याला न्यायाधीश कसा होता याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. तो पेढे वाटतो. न्यायाधीश निःपक्षपाती दिसणं ही गरज हरणाऱ्याची आहे. त्याला दुसरं काहीच मिळालेलं नसतं. आपलं म्हणणं सरळ मनाने ऐकलं गेलं, एवढा विश्वास तरी त्याच्या पदरात पडला पाहिजे. तोही नाही मिळाला तर तो उद्या न्याय मागायला कोर्टात येणार नाही, दुसरीकडे कुठेतरी जाईल, आणि मग तो माझ्यासारख्याच्या ठाण्यात आरोपी म्हणून येईल. असे कितीतरी आलेले मी पाहिले.

इथे ही आठवण संपायला हवी होती. पण मागच्या वर्षी ते पहिले न्यायाधीश मला भेटले. नोकरी सोडून ते आता एका विधी महाविद्यालयात शिकवतात. तपासाबद्दल मुलांशी बोलायला त्यांनी मला बोलावलं होतं. कार्यक्रमानंतर त्यांच्या खोलीत चहा घेताना मीच विषय काढला. म्हणालो, साहेब, तुम्ही उठलात ते आदरानेच ना?

ते हसले, पण ते हसू फार वेळ टिकलं नाही. "आदर कसला हो! भीतीने उठलो. सर आत आले की उठायचं, हे अंगात भिनलं होतं. आणि खरं सांगू? आदल्या दिवशी मी फाईल वाचली होती. कानाखाली मारली, वर्ग हसला, हे वाचलं आणि माझा स्वतःचा गाल गरम झाला. सरांना शिक्षा द्यायची हे मी तेव्हाच मनात ठरवून टाकलं होतं. कायद्यात बसेल तेवढी सगळी."

 म्हणजे सिस्टर ज्या न्यायाधीशाला घाबरून केस सोडायला निघाल्या होत्या, तोच त्यांच्या बाजूचा होता. त्याच्याकडे केस राहिली असती तर कदाचित त्या जिंकल्या असत्या. आणि ती केस तिथून हलवायला मीच पुढाकार घेतला होता. घरी आलो तरी मला चैन पडेना. हे त्यांना सांगावं की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. शेवटी वाटलं की त्यांच्यापासून लपवायचा मला काही अधिकार नाही.

सिस्टर आता निवृत्त आहेत. मुलगा हिंजवडीत नोकरीला आहे, सून आहे, नात आहे. मी गेलो तेव्हा नात खेळत होती. न्यायाधीश साहेब काय म्हणाले ते मी जसंच्या तसं सांगितलं. वाटलं होतं चिडतील, मला दोष देतील, निदान हळहळतील तरी. त्यांनी सगळं ऐकलं. 

मग म्हणाल्या, "म्हणजे ते सर खरंच भीत होते. अन् त्यायची भीती बरोबर होती."

"हो," मी म्हणालो.

"मले वाटे साहेब, कोर्टात भ्या लागते ते फक्त आमच्यासारख्यालेच."